रविवारी गुरं वरच्या वाटेनं जातात : पुण्याहून घाटात निघणाऱ्या रायडर मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

रविवारी पहाटे साडेपाचला धनकवडीतल्या माझ्या घरात तुमच्या गाड्यांचे आवाज येतात. आधी दोन-तीन, मग सात-आठ, सगळ्या कात्रजच्या दिशेनं. त्यातली एकसिलिंडर कुठली आणि जोडसिलिंडर कुठली, हे मला पांघरुणातून ओळखता येतं. बहुतेक रविवारी त्यात माझीही एक असते. म्हणजे हे पत्र गाड्यांचा त्रास होणाऱ्या शेजाऱ्याचं नाही, तुमच्यातल्याच एकाचं आहे.

माझी पहिली गाडी कावासाकी बजाजची फोर एस चॅम्पियन, तीही जुनी घेतलेली. २००१ साली पल्सर आली तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आकुर्डीच्या कारखान्याचं नाव घरच्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायची. पुण्यात मोटरसायकल ही चैन नव्हतीच कधी, घरातल्या पाटा-वरवंट्यासारखी ती रोजची वस्तू. आज चाकणहून दोनशे, चारशे सीसीच्या गाड्या बाहेर पडतात, आणि कामावर जायची गाडी वेगळी, रविवारची वेगळी असं ज्याला जमतं तो तसं करतो. मला त्याचा आनंदच आहे. दिवसभर घाटवळणांवर गाडी चालवण्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज होणार नाही.

विनंती अशी आहे : ज्या वळणाच्या पलीकडचं दिसत नाही, त्या वळणावर आपली बाजू सोडू नका. मधल्या पांढऱ्या पट्ट्याला खेटूनही नको. एवढ्यासाठी लांबलचक पत्र कशाला, असं वाटेल. वाटू दे. तुमच्याबरोबर एक पूर्ण दिवस गाडी चालवल्याशिवाय मला ते नीट सांगता येणार नाही.

आपल्या सगळ्यांच्या आवडीचा एक फेरा आहे. पुणे, भोर, वरंध घाट उतरून बिरवाडी, तिथून पोलादपूर, आंबेनळी चढून महाबळेश्वर, पसरणी घाटानं वाई आणि परत. साधारण ३०० किलोमीटर. सकाळी सहाला निघालं तर जेवणखाण, चहा, फोटो धरून रात्री आठपर्यंत घर. एका दिवसात सह्याद्री उतरायचा आणि पुन्हा चढायचा. गेल्या डिसेंबरात आम्ही पाचजण गेलो होतो, त्याच दिवसाचं सांगतो.

कापूरहोळपर्यंत हमरस्ता आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ट्रक, खासगी बस, खेड शिवापूरचा टोलनाका, जिथे दुचाकीला कुणी थांबवत नाही. कापूरहोळला उजवीकडे वळलं की गाडीचा सूर बदलतो. भोरच्या अलीकडे नीरेचं ते गोल वळण दिसतं, ज्याला आता सगळे नेकलेस पॉइंट म्हणतात. डिसेंबरात सकाळी सातला तिथं पाण्यावर धुकं असतं आणि रस्त्याच्या कडेला तुमच्या पंधरा-वीस गाड्या. त्या वळणावर, रस्त्यावरच. फोटोसाठी गाडी डांबरावर उभी करू नका, खाली मातीत घ्या. याहून जास्त त्यावर बोलत नाही.

भोरला टाकी भरायची. पुढे कोकणात उतरेपर्यंत पेट्रोलचा भरवसा धरू नये. भोर सुटलं की हिरडस मावळ सुरू होतं. बांदलांचं, बाजीप्रभूंचं मावळ. निगुडघर, मग देवघरचं धरण, त्याच्या फुगवट्याचं पाणी आणि त्याच्या कडेकडेनं वळत जाणारा रस्ता. एका वळणातून गाडी उठते न उठते तोच दुसऱ्यात झुकते. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एकाच लयीत घुमत असतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही. पुढे शिरगावला नीरेचा उगम आहे, रस्त्याच्या अगदी जवळ. ज्या नदीवर खाली फलटण-बारामतीपर्यंतचा ऊस उभा आहे, ती इथे एका कुंडात मावते. पुण्यातल्या अनेक रायडरांनी त्या रस्त्यानं वीस-वीस वेळा जाऊन ते कुंड पाहिलेलं नाही. दहा मिनिटं लागतात हो.

याच रस्त्यावर माझं आजोळ आहे. गावाचं नाव देत नाही, कारण मामांसारखी घरं तिथे पुष्कळ आहेत : रस्त्याच्या कडेला, वळणाच्या पोटात, अंगण संपलं की साइडपट्टी आणि साइडपट्टी संपली की डांबर. लहानपणी आम्ही स्वारगेटहून येष्टीनं यायचो. गाडी कुठल्या वळणावर आली हे मामी आवाजावरून सांगायची आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायची. तेव्हा दिवसातून दोनच गाड्या यायच्या.

त्या दिवशी मामांकडे चहाला थांबलो. भाताची कापणी, झोडणी उरकली होती, अंगणात पेंढा रचलेला. मामा अंगणात बसलेले, गुरं गोठ्यात नव्हती आणि रस्त्यानंही आम्हाला कुठं दिसली नव्हती. मी विचारलं, गुरं आज लवकर सोडली का? मामा म्हणाले, "आज रविवार ना. रविवारी वरच्या वाटेनं नेतो." वरची वाट म्हणजे घरामागचा चढ, मग रानातून मोठा वळसा घालून पाण्यावर. रस्त्यानं पाणी अर्ध्या किलोमीटरवर आहे. वरून निदान दीड तास मोडतो. मामा सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून हल्ली त्यांचा नातू नेतो.

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाट बदलायची, तशी रविवारी बदलायची. वाडीतली सगळीच घरं असं करतात म्हणाले. आणखी एक सांगितलं, "आधी डोंगर वाजतो, मग गाड्या येतात. कुठनं येतायत ते कळत नाही."

हे वाक्य माझ्याबरोबर वरंध घाटात उतरलं आणि घरापर्यंत आलं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावणारे आपले मित्र सांगतात की आवाजानं समोरचा सावध होतो. मीही कधीकाळी ते मानत होतो. पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं. आवाजाचा मोठा भाग मागे फेकला जातो, आणि घाटात तो समोरच्या कड्यावर आपटून दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. रस्त्यात उभ्या बाईला, शेळ्या घेऊन चाललेल्या पोराला फक्त एवढंच कळतं की काहीतरी येतंय. कुठल्या बाजूनं ते कळत नाही, मग ती माणसं जागच्या जागी थिजतात आणि गुरं उधळतात. आंधळ्या वळणाआधी हॉर्नचा एक आखूड ठोका याहून कितीतरी कामाचा, कारण तो पुढे जातो. कंपनीनं दिलेला सायलेन्सर परत बसवा. मित्र म्हणून सांगतोय.

मामांकडून निघालो आणि वाघजाईला भजी खायला थांबलो. वरंध घाटाच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ, टपऱ्यांची रांग, समोर कावळ्या किल्ल्याचा डोंगर आणि खाली शिवथरघळीचा मुलूख. कांदाभजी, कडक चहा आणि कठड्यावर बसलेली माकडं. माकडांना पाव टाकू नका. त्यांना वळणावर बसायची सवय आपणच लावली आहे, आणि गाडी आल्यावर ती कुठल्या बाजूला उडी मारतील हे त्यांनाही ठाऊक नसतं.

इथून खाली उतरताना मी पाचजणांत शेवटी होतो. आता वळणाबद्दल बोलतो, कारण सगळा जीव तिथे आहे.

आपण डावीकडून चालतो. त्यामुळे उजव्या वळणात मधला पट्टा आपल्या आतल्या बाजूला येतो. चाकं पट्ट्याच्या अलीकडे, अगदी आपल्या हद्दीत असली तरी गाडी उजवीकडे झुकली की डोकं, खांदा, आरसा, हँडलचं टोक हे सगळं पट्ट्यापलीकडे असतं. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या रस्त्यात. आपल्याला वाटतं आपण बाजू सोडलेली नाही. समोरच्याला मात्र आपलं हेल्मेट त्याच्या काचेवर येताना दिसतं.

डाव्या वळणात उलटं. तिथे कुणी मुद्दाम पट्टा ओलांडत नाही, पण वेग जास्त झाला की गाडी बाहेर फेकली जाते, आणि बाहेर म्हणजे उजवीकडे, पुन्हा समोरच्याच्या रस्त्यात. एक चूक हावरेपणानं होते, दुसरी भीतीनं. दोन्हींत मरायला समोरचाच असतो.

ताशी ६० च्या वेगात माणूस एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जातो. धोका दिसून हात ब्रेकवर पडायला एक सेकंद धरा. त्यानंतर चांगल्या, कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी २३-२४ मीटर. म्हणजे एकूण ४० मीटर. तेच ताशी ४० ला एकूण २२ मीटरच्या आसपास. वरंध घाटात अशी कितीतरी वळणं आहेत जिथे ४० मीटर पुढचं दिसतच नाही, आणि रस्ता उताराचा, कडेला खडीचा कच, कुठे डिझेल सांडलेलं. हिशेब करा आणि सांगा, ६० नं येणारा कशाच्या भरवशावर येतो? समोर काही नाही या भरवशावर. त्या दिवशी गुरं रस्त्यावर नसतात हा भरवसा त्याला कुणी दिला? मामांच्या नातवानं.

एबीएस आहे ना, असं तरुण मित्र म्हणतात. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचं आहे आणि त्यानं पुष्कळ जीव वाचत असतील. पण आपल्या नेहमीच्या गाड्यांमधलं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. झुकलेल्या गाडीला किती पकड उरली आहे याची त्याला कल्पना नसते. वळणाच्या मध्यात घाबरून ब्रेक दाबला तर गाडी सरळ उठते आणि नेमकी नको तिकडे जाते. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उतरवायचा.

मी स्वतः एक गोष्ट बघत राहतो. वळणात शिरताना रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या ठिकाणावर नजर ठेवतो. ते ठिकाण माझ्यापुढे पळत असेल तर वळण उघडतंय. ते जागीच थांबलं किंवा माझ्याकडे येऊ लागलं तर वळण आवळतंय, तेव्हा वेग आत्ताच उतरवायला हवा. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, इतका साधा हिशेब आहे. अरुंद रस्त्यावर, जिथे समोरचाही मध्यात असण्याची शक्यता आहे, तिथे दिसतं त्याच्या निम्म्यात. आणि उजव्या वळणात डावीकडे, साइडपट्टीच्या आत हातभर अंतर ठेवून राहायचं. तिथून पुढचं जास्त दिसतं, शिवाय डोकं आपल्याच हद्दीत राहतं.

हे मला कुणी शिकवलं नाही. ते एका दुधवाल्या दादांमुळे कळलं, आणि ते लिहिणं मला आजही जड जातं.

२०१३ सालची गोष्ट. भोरहून मांढरदेवकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबाडखिंड घाटात. आम्ही नऊजण होतो, मी सातवा. मोठ्या गटात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा, ४० नं जात असला तरी मधले मागे पडतात, गाठायला जोर करतात, आणि शेवटच्या दोघा-तिघांना सगळ्यात जोरात जावं लागतं. मी गाठायच्या नादात होतो. उजवं वळण, आतल्या बाजूला कापलेला डोंगर, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी पट्ट्याला चिकटून झुकलो आणि समोरून ते आले, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लावलेले. त्यांनी माझं डोकं बघितलं आणि गाडी डोंगराच्या कडेच्या चरात घातली. मला खरचटलंही नाही. माझं चाक पट्ट्याच्या आत होतं, हे मी नंतर टायरची खूण बघून दोनदा सगळ्यांना दाखवलं. म्हणजे त्या क्षणी मला तेच सिद्ध करायचं होतं.

दूध चरातून वाहत होतं. त्यांनी उठून आधी कॅनची झाकणं लावली, मग गुडघा बघितला. शिवीही दिली नाही. आम्ही नऊजणांनी मिळून दोन हजार रुपये काढले. ते त्यांनी मोजून घेतले आणि म्हणाले, "हे दुधाचं झालं. फुटरेस्ट वाकलाय, हँडल वाकलंय, त्याचं काय?" आणखी बाराशे दिले. मग लंगडत गाडी वर ओढायला लागले, आम्ही हात लावला. संकलनाची वेळ गेली होती, त्यामुळे उरलेलं दूधही कुणी घेणार नव्हतं, हे त्यांनी नाही, चहाच्या टपरीवाल्यानं नंतर सांगितलं. त्या दिवसापासून मी सहापेक्षा जास्त गाड्यांच्या गटात जात नाही आणि घाटात कुणाला गाठत नाही. घाट संपल्यावर पहिल्या गावात सगळ्यांनी थांबायचं, हे आधी ठरवून ठेवतो. ज्याला जसा जमेल तसा त्यानं यावं.

परत डिसेंबरातल्या दिवसाकडे. वरंध उतरलो, माझेरी, वरंध गाव, बिरवाडी. हवा एकदम बदलते, जॅकेटची चेन उघडावी लागते. हा सगळा महाड तालुका पावसाळ्यात किती कोसळतो ते आपण विसरू नये. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली आणि ८० हून अधिक माणसं गेली. हा घाट पावसाळ्यात बंद ठेवतात तो उगाच नाही. 'रस्ता बंद'चा पत्रा सरकवून धबधब्याखाली फोटो काढायला जाणारे आपल्यातलेच असतात. काही घडलं तर त्यांना शोधायला खालच्या वाडीतलीच माणसं दोर घेऊन उतरतात.

पोलादपूरला जेवलो. घावणे आणि माशाचं कालवण. तिथून आंबेनळी. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, मध्ये चाळीस किलोमीटर. गाडी चालवणाऱ्याला याहून मोठं दान कुठलं द्यायचं? झाडीतून रस्ता वर चढत जातो, एका बाजूला दरी खोल होत जाते, मग अचानक प्रतापगड डोक्यावर दिसतो. आम्ही पाचांपैकी कुणी अर्धा तास बोललो नाही. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरसुद्धा नाही.

याच घाटात २८ जुलै २०१८ ला सहलीला निघालेल्या सहकाऱ्यांची बस दरीत गेली आणि तीसेक माणसं गेली. मी तिथून जाताना हॉर्न वाजवत नाही, वेग उतरवतो. माझी तेवढीच रीत.

आंबेनळीतली यू आकाराची वळणं येष्टीला एका झटक्यात घेता येत नाहीत. दहा-अकरा मीटर लांबीच्या बसची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आत कापतात. म्हणून ड्रायव्हर तोंड बाहेर काढून पूर्ण रस्ता घेतो. त्याला दुसरा मार्ग नसतो. आपण समोरून येऊन हॉर्नवर हात दाबून धरला तर तो काय करणार? वळणाच्या आधी थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. आणि उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही. अरुंद घाटरस्त्यासाठी तो वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमावलीत लिहिलेला नियम आहे. कारण सरळ आहे : चढावर थांबलेल्या जड गाडीला पुन्हा हलवणं अवघड असतं, मागे घसरण्याची भीती असते. आपण दीडशे-दोनशे किलोची गाडी घेऊन उतरत असतो, आपल्याला थांबायला काय लागतं? त्या दिवशी एका वळणावर आम्ही पाचही जण कडेला उभे राहिलो. येष्टीच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. मला ती दोन बोटं त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त लक्षात आहेत.

महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झाला होता, गर्दी होती, आम्ही थांबलो नाही. पाचगणी सोडून पसरणी घाटात आलो तेव्हा ऊन तिरपं झालेलं. खाली धोमचं पाणी, कृष्णेचं खोरं, वाईची देवळं. पसरणीचा रस्ता रुंद आणि चांगला आहे, वळणं लांबून दिसतात, आणि म्हणूनच तिथे सगळे हात सैल सोडतात. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारे मी तिथेच जास्त बघितले. गिअरमध्ये ठेवा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी मऊ पडतो.

वाईपासून सुरूर फाट्यापर्यंत अंधार पडला होता. ऊसतोडीचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीनं माखलेला. आणि आपण बारा तास गाडी चालवून दमलेले. दिवसभराच्या राइडमध्ये सगळ्यात धोक्याचा टप्पा घाटात नाही, तो हा. डोळे जड होतात, घर जवळ आल्यासारखं वाटतं. आम्ही फाट्यावर वीस मिनिटं थांबून चहा घेतला, हेल्मेटच्या काचा पुसल्या, आणि मग खंबाटकीचा बोगदा ओलांडून आठच्या सुमाराला घरी आलो. हेल्मेटवर पुण्यात इतके वाद झाले आहेत की मी पुन्हा घालत नाही. फक्त ते घाला, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा.

घरी येऊन गटावर संदेश बघितले तर त्याच सकाळी कुणीतरी लिहिलं होतं : भोर ते वाघजाई इतक्या मिनिटांत. त्याखाली अंगठे, टाळ्या, आणि दुसऱ्याचा त्याहून कमी आकडा. मिनिटांचा आकडा मी इथे देत नाही, नाहीतर उद्या तो कुणीतरी मोडायला निघेल. तो वाचताना मला कळलं की ते दोघं मामांच्या अंगणापुढून कुठल्या वेगानं गेले असतील. मामा तेव्हा अंगणातच होते.

जे गट चालवतात त्यांना हात जोडून सांगणं आहे. घाटाची वेळ लावणारा संदेश आला तर तो काढून टाका आणि टाकणाऱ्याला फोन करा, सगळ्यांसमोर बोलू नका. मोठा गट असेल तर सहा-सहाचे तुकडे करा, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सोडा. घाटात गटातल्या गटात ओव्हरटेक नाही, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून तोंडानं वदवून घ्या. नवा मुलगा असेल तर त्याला लीडच्या मागे दुसरा ठेवा, शेवटी नको. शेवटी अनुभवी माणूस. आणि वाटेत कुठे अपघात दिसला, आपल्या गटातला नसला तरी, थांबा. १०८ लावा. वरंध घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही, तेव्हा एकानं रेंज मिळेपर्यंत पुढे जायचं, एकानं वळणाच्या अलीकडे उभं राहून येणाऱ्यांना थांबवायचं. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टात गुंतवता येऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत कायद्यानं संरक्षण दिलेलं आहे, तेव्हा त्या भीतीनं कुणी पुढे जाऊ नये.

भोर ते महाडच्या रस्त्याचं काही टप्प्यांत रुंदीकरण होताना दिसतं. रस्ता चांगला झाला पाहिजे, तिथल्या माणसाला दवाखान्यात लवकर पोचता आलं पाहिजे. पण रुंद तुकडा संपून जुना अरुंद तुकडा लागतो तिथे आपला वेग रुंद रस्त्याचाच असतो. वळणाच्या पोटातली घरं तिथेच आहेत.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. सकाळी सहाला कात्रजच्या चौकातून निघू. सहा गाड्या, त्याहून जास्त आले तर दुसरा तुकडा करू, तो कुणीतरी जबाबदारीनं न्यायचा. सायलेन्सर कंपनीचा. शिरगावच्या कुंडावर थांबायचं, आणि त्याआधी मामांकडे चहा, मामींनी हो म्हटलं आहे. मामांनाही फोन केला होता. त्यांना सांगितलं, त्या रविवारी गुरं रस्त्यानंच न्या, आम्ही थांबू. ते म्हणाले, "तुम्ही थांबाल रे. बाकीचे?"

म्हणून हे पत्र.

आपला,
धनकवडीचा एक मोटरसायकलवाला